गाऱ्हाण्यात न घेतलेलं नाव

हळर्णच्या गोकुळदास परबाने एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली आणि निवृत्त होताना एक ऐट घरी आणली: तोंड बघून माणसाची खोट ओळखण्याची. "मागच्या दारान चढलेल्याची नुसती मान बघितली तरी माका कळता, ह्येना तिकीट काढूक नाय," असं तो तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात सांगायचा. लोक ऐकायचे, कारण सांगण्यात रंग असायचा. तो खिडकीकडे बघणारा प्रवासीही व्हायचा, कंडक्टरही व्हायचा. कधी चुकला नसेल का? असेलही. पण चुकीचा माणूस पुढच्या थांब्यावर उतरून जायचा.

निवृत्तीनंतर त्याने मागच्या परड्यात तळं खणलं. निळी ताडपत्री अंथरली, पाणी भरलं, रोहू-कटल्याची पिल्लं आणून सोडली. करंगळीएवढी होती ती चार महिन्यांत तळहाताएवढी झाली. सकाळी पेंड टाकली की पाणी उकळल्यासारखं खदखदायचं आणि गोकुळदास रस्त्यावरच्या माणसाला हाक मारून ते दाखवायचा. बायको कमल म्हणायची, "पोटच्या चेडवाच्या बारशाक इतको हसूक नाय ह्यो."

थंडी सुरू झाली आणि पाणी कमी खदखदायला लागलं. मासे सरत होते.

एका रविवारी भाचा साईश आला होता. त्याने तळ्याभोवती एक फेरी मारली. "मामा, वर जाळी घाल. पक्षी येत असतले."

"पक्षी किती खातले? ह्यो चोर दोन पायांचो असा."

"बगळ्याकय दोनच पाय असतत, मामा."

कमल खो खो हसली. गोकुळदास हसला नाही. त्याच्या मनात चोराचं तोंड आधीच ठरलं होतं.

आनंदीचं. दोडामार्गाकडची. कुंपणापलीकडच्या खोलीत भाड्याने राहायची. नवरा बाबली ट्रकवर, चार-चार दिवस बाहेर. ती तीन घरांची भांडी घासायची. परबांची दुपारी, जेवणं आटोपून घर झोपलं की, तळ्याकाठच्या फातरावर, सपाट दगडावर, बसून. घासता घासता ताटातली शितं पाण्यात टाकायची, माशांशी काहीबाही बोलायची. आणि एका बुधवारी तिच्या खोलीतून मासे तळल्याचा वास आला. गोकुळदास कुंपणापाशी गेला.

"खंयचे गो मासे?"

"बाजारातले, काकानू."

मान खाली. झालं! एकतीस वर्षांचा अनुभव बोलला. ती विळीवर उरलेला मासा चिरत होती, चिरताना माणूस खालीच बघतो, हे त्याच्या डोक्यात यायला फार उशीर व्हायचा होता.

"उद्यापासून भांडी ऱ्हांवदेत. कमल घासतली."

आनंदीने मान वर केली. "माझा काय चुकला?"

"मी काय म्हटलंय, चुकला?" असं म्हणून तो वळला.

गावात चोरी झाली आणि चोर हाती लागला नाही की देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. गावकार, म्हणजे गावचा मानकरी, देवाला खड्या आवाजात सांगतो, जमलेले लोक दर वाक्याला होकार देतात. नाव कुणाचं घ्यायचं नसतं. देवाला ते ठाऊक असतंच. आणि खरं सांगायचं तर गावालाही असतं.

सोमवारी विठ्ठल गावकाराने हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो सेवक गोकुळदास आज तुझ्या पायांकडे इलो हा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या परड्यातले मासे कोण नेता, ता तुका म्हायत असा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण असात, तेचो हात थंयच धर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी सगळ्यांत मोठा आवाज मागच्या खांबापाशी उभ्या असलेल्या आनंदीचा होता. गोकुळदासने वळून बघितलं. काय निब्बर बाई ही, असं त्याला वाटलं. जिने काही केलं नाही तीच इतक्या मोकळ्या गळ्याने होकार देऊ शकते, हा दुसरा अर्थ त्याच्या मनाला शिवलाही नाही.

नवव्या दिवशी पाण्याची कळशी घेऊन येताना आनंदी शेवाळावर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. संध्याकाळपर्यंत तिठ्यावर एकच वाक्य फिरत होतं: देवान हात धरलो. दुसऱ्या दिवशी, जिच्याकडेही ती भांडी घासायची त्या भाग्यलक्ष्मीबायने निरोप धाडला, बरा झालो हात तरी येव नको. दोन दिवसांनी तिसऱ्या, मास्तरांच्या घरूनही तेच. चहाच्या दुकानात गोकुळदासला कुणी पैसे देऊ दिले नाहीत. "तुमचा गाऱ्हाणा लागला, कंडक्टर!" तो नको नको म्हणत हसला. आता ते हसू त्याला आठवतं तेव्हा तो अंगणात असला तर घरात जातो आणि घरात असला तर अंगणात येतो.

मासे मात्र आनंदी गेल्यापासून दुप्पट वेगाने सरत होते. त्यालाही त्याने कारण काढलं: जाता जाता सूड उगवते!

मग एका गुरुवारी दुपारी वीज गेली. पंखा थांबला, घामाने जाग आली, आणि गोकुळदास पाठच्या दाराशी आला.

तळ्यात सात काळ्या माना होत्या. पाणकावळे. एक बुडायचा, दुसरा वर यायचा, चोचीत चंदेरी काहीतरी तडफडायचं, मान उंच व्हायची, गळ्यातून एक गाठ खाली सरकायची. फातरावर दोघे पंख पसरून ऊन खात बसले होते, अगदी जेवून ओसरीवर आल्यासारखे. त्याने चप्पल भिरकावली. पक्षी उडून माडावर बसले. चप्पल पाण्यावर तरंगत राहिली.

कमल मागे येऊन उभी होती. तिने फातराकडे बघितलं. "हयसर ती बसायची," एवढंच म्हणाली. मग, "सांगतलंस?"

"कोणाक? मी खंय कोणाचा नाव घेतलंय?"

कमल आत गेली. त्या दिवसापासून तिने त्याच्यासमोर ताट ठेवलं, पण जवळ बसली नाही.

शुक्रवारी त्याने पेडण्याहून नायलॉनची जाळी आणली. शनिवारी खुंट ठोकले. रविवारी जाळी ताणून बांधली. जाळी लागली, मासे वाचले, आता हळूहळू लोक विसरतील, असा त्याचा हिशेब. पण दुपारचे पाणकावळे जाळीवरून घिरट्या घालायचे तेव्हा तो खिडकी लावून घ्यायचा.

मंगळवारी आनंदी कुंपणाशी आली. हात गळ्यात अडकवलेला.

"काकानू, ही जाळी कोणासाठी?"

खोटं बोलायला सोपं होतं. जिभेवर आलंही होतं. "पक्ष्यांसाठी."

"कधी कळला तुमका?"

"गुरवारी."

"आज मंगळवार." ती जाळीकडे बघत राहिली. "दुपारी मी थंय बसा तेव्हा ते काळे माडार बसान ऱ्हवत. उतरूक लागले की मी टोप वाजवी. मगे उडान जात."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"कावळो हाकललो म्हणान कोण सांगत फिरता?"

गोकुळदासला बसावंसं वाटलं, पण बसायला तिथे तो फातरच होता.

"माझा काय म्हणणा," तो कसाबसा बोलला, "मी गाऱ्हाण्यात तुझा नाव घेतलाच नव्हता."

"ताच तर! घेतला असतात तर भांडाक तरी गावला असता. न घेतलेल्या नावावरना मी कोणाकडे भांडू?" तिचा आवाज चढला नाही. "नारळ ठेवा, काकानू. आणि आता नाव घेवा."

विठ्ठल गावकार तयार होईना. "गाऱ्हाण्यात नाव नव्हता. आता गाऱ्हाणा सोडवताना नाव घातला तर सगळ्या गावाचा तोंड काळा. मी नुसता 'चुकला माकला पदरात घे' म्हणतंय. तुझीय अब्रू ऱ्हवता."

गोकुळदासला ते पटलं. लाज अशी की ते पटल्याचं त्याला बरंही वाटलं.

सोमवारी देऊळ भरलं. "चुकला माकला पदरात घे रे म्हाराजा!" लोकांनी होकार भरला. खांबाशी आनंदी उभी होती, ओठ मिटलेले. विठ्ठल नारळाकडे वाकला.

"थांब, विठ्ठल."

बसमधल्या गर्दीवर चढणारा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. चिरका, पोरासारखा सूर निघाला. "आनंदी. बाबलीची बायको. तिना चोरूक नाय. मासे पक्ष्यांनी खाल्ले. माका कळान अकरा दीस झाले आणि मी गप ऱ्हवलंय."

कुणी होकार भरला नाही. भरला असता तर तो प्रत्येकाला स्वतःलाही लागू झाला असता. नारळ फुटला.

गोकुळदासने खोबऱ्याचा तुकडा तिच्यापुढे धरला. आनंदीने हात पुढे केला नाही.

"भाग्यलक्ष्मीबाय हय नाय. मास्तरांची बायल हय नाय. माका काढलेली ती त्येंनी."

"मी निरोप धाडतंय."

"निरोपान काढल्यानी. तोंडान घेवंदेत. चला."

देवळापासून भाग्यलक्ष्मीबायचं घर दहा मिनिटांवर. तो पुढे, ती दहा पावलं मागे. वाटेत दोघेजण भेटले. तिठ्यावर त्याच्या चहाचे पैसे भरणारे. त्यांनी बघितलं न बघितलंसं केलं. फाटकाशी आनंदी थांबली. "मी रस्त्यार ऱ्हवतंय. माका हय ऐकाक येवक व्हया."

त्याने कडी वाजवली. दार उघडलं. "अरे, गोकुळदास! ये ये, भितर ये. चा टाकतंय."

"चा नको, बाय. उंबऱ्याभायरनाच सांगतंय." खालच्या मानेने तो पुटपुटला, "ती आनंदी आसा मगे... ती..."

"काकानू," रस्त्यावरून आवाज आला, "ऐकाक येणा नाय."

शेजारच्या घराची खिडकी उघडली. गोकुळदासने मान वर केली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.