मृणालचं सव्वा तासाचं माहेर

आमच्या दिवेआगरात येसूबाईंशी वाद घालायचा असेल तर चहा घरून पिऊन जावं. वाद जिंकलात तर तिथे मिळणार नाही. वादळाने त्यांची सारी पोफळवाडी आडवी केली, तेव्हा पंचनाम्याला आलेल्या साहेबाच्याही हातात त्यांनी फावडं दिलं होतं. नवी रोपं लावताना जोडीला होती लेक, मृणाल. पुढे तिचं सावंतवाडीला लग्न झालं. यंदा त्या झाडांना पहिल्यांदा सुपारी धरली. पहिला घड लेकीच्या हातात द्यायचा, तिला आठवडाभर माहेरपणाला ठेवून घ्यायची, असं येसूबाईंनी मनाशी पक्कं केलं.

आता विहीणबाईंचं ऐका. कोकिळाबाई. नाव तेवढं गोड. फोनवर म्हणाल्या, "आठवडा कशाला? गोव्यात मोप्याला विमानात बसली की नवी मुंबई. सव्वा तासाचं तर माहेर! शनिवारी येईल, रविवारी परत."

अहो, दोन विमानतळांतलं अंतर म्हणजे सासर-माहेरातलं अंतर? हे कुठल्या शहाण्याने ठरवलं? विमान आमच्या गावाला मागे टाकून वर पनवेलला जाणार, आणि मग पोरीने पेण, माणगाव, म्हसळा करत गाडीने पुन्हा खाली यायचं! आधी विमानतळावर ताटकळायचं ते वेगळंच. ते सव्वा तासात कोण धरतो?

पहाटे सासरहून निघालेली मृणाल दिवेलागणीला अंगणात उतरली. घोटभर पाणी प्यायली आणि झोपाळ्यावर बसल्या बसल्या झोपली. हातात फोन तसाच, गजर लावता लावता राहिलेला. कारण उजाडताच उलटं निघायचं! मी तिथेच होतो. भांडणाचा वास मला लांबून येतो.

येसूबाईंनी फोन लावला.

"विहीणबाई, पोर आत्ता पोचली."

"आत्ता? वाटेत कुठे रेंगाळली?"

"रेंगाळंल कशाला? तुमचं विमान माझ्या वाडीत उतरत न्हाय."

"अहो, इथे फोनवर स्वच्छ दाखवतंय, सव्वा तास."

"मग त्या फोनलाच धाडा माहेरपणाला! माझी पोर विमानतळावर जन्मली न्हाय. आठवडा उंबऱ्यात पाय ठेवल्यापासून मोजायचा."

"अहो, पण परतीचं तिकीट काढलंय!"

"तुम्हीच बसा त्यावर. खिडकी मागा."

या आरड्याओरड्याने मृणाल जागी झाली. तिने आईच्या हातून फोन घेतला. मला वाटलं, आता पोर मिटवून टाकणार, आणि आमची करमणूक संपणार. तर ती शांतपणे सासूला म्हणाली, "आई, मी पुढच्या रविवारी येते. एसटीने." आणि फोन ठेवून दिला.

विहिणीने सून पळवली, असं कोकिळाबाई आता सावंतवाडीभर सांगत असतील. सांगू देत.

सकाळी घड उतरवायला रतन कमरेला कोयता लावून आला. येसूबाईंनी त्याला वाडीच्या तोंडाशीच अडवलं.

"हळू बोल. बस, चहा घे. पोर उठली की चढ."