आजाऱ्यासाठी शहाळं

बारामतीत डायलिसिसच्या वॉर्डात नर्स म्हणून लागल्यापासून मला शहाळ्यांचा राग येतो. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला कुणी रिकाम्या हातानं जात नाही, आणि सगळ्यात आधी सुचतं ते शहाळं. पण ज्याच्या किडन्या निकामी झाल्यात त्याच्या अंगातून त्यातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही. ते साठतं आणि हृदय बंद पाडतं. घसा बसेपर्यंत मी हे सांगते. लोक माना डोलावतात आणि गेटबाहेरच्या गाड्यावर जाऊन शहाळी घेतात.

कन्हेरीचे एक आबा आठवड्यातून दोनदा मशीनवर यायचे. तहानेनं त्यांचा जीव कासावीस व्हायचा. मोजून दिलेलं पाणी दुपारीच संपायचं, मग बर्फाचा खडा चघळत बसायचे. माझी बोलणी निमूट ऐकायचे आणि वर म्हणायचे, "सिस्टर, तुमी माजी सासू शोभता." त्यांचा मला लळा लागला होता.

एका सोमवारी मुलानं त्यांना उचलूनच आणलं. पायांत त्राण नव्हतं. त्यांची थोरली बहीणही सोबत होती, ती बाहेर बाकावर बसली.

"आबा, काय खाल्लं-प्यायलंत? खरं सांगा."

"आक्का आलीया न्हवं निमगाव केतकीवनं. ह्या वयात यस्टीनं शहाळी घिऊन आली. तिला न्हाय कसं म्हनायचं?"

"किती प्यायलात?"

त्यांनी तोंड फिरवलं. "लई ग्वाड व्हतं वो," एवढंच म्हणाले.

मी चांगली झापणार होते. तेवढ्यात ईसीजीचा कागद हातात आला आणि मी डॉक्टरांना ओरडून हाक मारली. डॉक्टर धावत आले, इंजेक्शनं दिली, मशीन जोडायला घेतलं. मशीन सुरू व्हायच्या आत हृदय थांबलं. छाती दाबून दाबून माझे हात भरून आले, मनातल्या मनात मी आबांच्या विनवण्या करत होते. काही उपयोग झाला नाही.

बाहेर जाऊन आक्कांना मीच सांगितलं.  त्यांनी माझा हात धरला.

"लई दिस झालं, पोटभर पानी न्हवतं त्येच्या नशिबात. काल माज्या हातनं पोटभर प्याला. आत्मा तरी शांत झाला आसंल त्येचा. व्हय ना, सिस्टर?"

आबांचा मुलगा शेजारीच उभा होता. त्याला सगळं ठाऊक होतं. त्यानं माझ्यापुढं हात जोडले.

"व्हय, आक्का," मी म्हणाले.

ही बाई उद्या दुसऱ्या कुणा आजाऱ्याकडे शहाळं घेऊन जाईल, हे मला तेव्हाच कळत होतं.