रंजूच्या वाटणीचं दूध

हे आजवर माझ्या तोंडून निघालं नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण — असू द्या, कारण कशाला?

विद्यापीठाचं नामांतर झालं, वस्तीत पेढे वाटले, त्या साली आम्ही पूर्णा जंक्शनला रेल्वेच्या क्वार्टरमधे राहत होतो. माझी नणंद आणि तिचा ट्रक चालवणारा नवरा, दोघंही वर्षाच्या आत गेले. त्यांची सहा वर्षांची रंजू माझ्या घरी आली. तिच्या रक्तात आईबापाचाच एड्स, आणि छातीत क्षय. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या दुसऱ्या रोगावर तेव्हा आमच्याकडं औषधच नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं होतं — सोबत जेवल्यानं तो लागत नाही. पोरीला दूध, अंडी, शेंगदाण्याचा कूट द्या, रिकाम्या पोटी गोळ्या काय करतील?

नवऱ्याला पटलं. मला नाही. ती नुसती जवळ बसली तरी माझ्या अंगावर काटा यायचा. माझी दोन लेकरं त्याच खोलीत निजायची ना! तिची ताटली मी वेगळी ठेवली, पाणी वरून ओतायची. माझ्या आईच्या ओंजळीत लोक असंच वरून पाणी ओतायचे — डोळ्यांनी पाहिलं होतं मी. तरी.

एवढंच असतं तर... नवरा ड्यूटीवर गेला की रंजूच्या वाटणीचं दूध मी माझ्या पोरांना द्यायची. तिला अर्धी भाकरी, पातळ वरण. घरात कमी होतं म्हणून? नाही. ती सुधारली तर वर्षानुवर्षं माझ्या लेकरांत राहील, याची धास्ती होती. कसं सांगू — तिनं वाढूच नये, असं मला वाटत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिचं वजन केलं. खोकला तर कमी झालाय, म्हणाले, मग हिचं अंग का भरत नाही? मी चटकन बोलले, "खातच न्हाई ती." आता ही बोलली तर?

रंजूनं माझ्याकडं पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "मला भूकच लागत न्हाई."

एवढीशी पोर — आपल्याला घराबाहेर काढतील म्हणून तीही भ्यायलेली. ते मला तिथंच कळलं. आणि घरी आल्यावर? दूध पुन्हा माझ्याच पोरांना दिलं.

पावसाळा सरता सरता ती गेली. नवरा आजही पाहुण्यांना सांगतो, हिनं भाचीचं पोटच्या पोरीसारखं केलं. मी खाली बघून चहा गाळत राहते.