पुठ्ठ्यावरचा कीबोर्ड

साताऱ्यातल्या आमच्या घरी सगळ्यांना वाटत होतं की मी बँकेत लागेन. मी लागले ती कराडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. गोडाऊनमागचा एक हॉल, सहा कॉम्प्युटर, एक एसी आणि दारावर पाटी: चपला-बूट बाहेर काढावेत.

नव्वदीच्या सुरुवातीला बहुतेक क्लासांत ही पाटी असायची. धूळ लागली की मशीन बिघडणार, यावर आमची देवापेक्षा जास्त श्रद्धा. आमचे सर, म्हणजे क्लासचे मालक, संध्याकाळी प्रत्येक मशीनवर शिवलेली खोळ चढवायचे आणि मगच दिवे मालवायचे. मी त्यांच्याही वरताण. पाय पुसल्याशिवाय कुणाला आत सोडायचे नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसं माझं होतं. चोविसाव्या वर्षी पहिल्यांदाच कुणीतरी मला मॅडम म्हणत होतं.

एके दिवशी जवळच्या गावचे, फौजेतून रिटायर झालेले एक हवालदार मुलीला घेऊन आले. ती बारावी झालेली, लहानपणी पोलिओ होऊन उजवा पाय गेलेला. मांडीपासून खाली लोखंडी सळ्यांचा, चामडी पट्ट्यांनी बांधलेला कॅलिपर, आणि तो थेट बुटाच्या टाचेत बसवलेला. मुलीला बसून करायचं काम मिळावं, एवढीच बापाची इच्छा होती. कारखान्यात, पतपेढीत आता कॉम्प्युटर येणार, तिथं पायाचं काय काम, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. खरंच होतं ते. मी फी घेतली, पावती दिली आणि पाटीकडे बोट दाखवलं.

"आवं मॅडम, बूट काढला तर पोरगी हुबी कशी ऱ्हानार? लोखंड बुटातच बसवल्यालं हाय."

मी म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. दुसऱ्या दिवशी त्यांनी दारातच ओल्या फडक्यानं बूट तळापासून पुसला आणि वर युरियाच्या गोणीतली धुतलेली प्लॅस्टिकची पिशवी बांधली. "बगा, आता कुटं हाय धूळ?" धूळ नव्हतीच. मग मी सांगितलं की प्लॅस्टिकनं वीज तयार होते आणि ती मशीनला घातक असते. असलं काहीतरी मी कुठंतरी अर्धवट वाचलं होतं. सर त्या दिवशी साताऱ्याला गेले होते. मी तिला आत सोडलं असतं तर विचारणारं कुणी नव्हतं. पण माणूस फौजेतला. "आर्डर हाय म्हंजे हाय," असं त्यांनीच मुलीला समजावलं.

मुलीनं मला हळूच विचारलं, "मॅडम, पट्टे सोडून सरकत आले तर चालंल का?"

आज लिहितानाही लाज वाटते, पण मला हायसं वाटलं होतं. मी म्हणाले, "चालेल की." तिनं आत पाहिलं. खुर्च्यांवरची सगळी पोरं वळून बघत होती. दारापासून पहिलं मशीन आठ-नऊ पावलांवर होतं.

"नको," ती म्हणाली. "मी हितंच बसते."

मग तिची खुर्ची दारात आली. एसीमुळं दार लावून घ्यावं लागे, पण मी तिच्यासाठी अर्धं उघडं ठेवायचे आणि तेवढ्यावर स्वतःला मोठ्या मनाची समजायचे. त्याहून मोठा पराक्रम म्हणजे पुठ्ठा. कॉम्प्युटरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी त्यावर स्केचपेननं कीबोर्ड काढला, एकेक कळ पट्टीनं मोजून. ती तो मांडीवर घ्यायची आणि आतल्या पोरांबरोबर बोटं चालवायची. एकदा तिनं विचारलं, "मॅडम, ह्याच्यावर चुकलेलं कसं कळायचं?" मी म्हणाले, "चुकायचंच नाही."

प्रोग्रॅम ती वहीत लिहायची. जेवणाच्या सुट्टीत मी तो मशीनवर चढवायचे आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून तिला द्यायचे. तिचे प्रोग्रॅम बहुतेक पहिल्या फटक्यात चालायचे. आत बसणाऱ्या पोरांचे चालायचे नाहीत. प्रॅक्टिकलची परीक्षा मात्र मशीनवरच द्यावी लागणार होती. ती विचारायची तेव्हा मी म्हणायचे, "तेव्हाचं तेव्हा बघू."

खंडेनवमीला क्लासात पूजा होती. सहाही मशीनांना झेंडूच्या माळा. ज्या कीबोर्डवर धुळीचा कण आम्ही बसू दिला नव्हता, त्यावर सरांनी स्वतः हळद-कुंकू वाहिलं. पाहुणे म्हणून एका साखर कारखान्याचे संचालक आले, बरोबर चार-पाच माणसं, थेट उसाच्या फडातून. बुटांना ओला चिखल. पाहुणा भला होता. पाटी वाचून तो दारातच बुटाची नाडी सोडायला वाकला.

"असू द्या साहेब, असू द्या," मी म्हणाले. "या तसेच."

सर नव्हे, मी म्हणाले. आणि ते सगळे तसेच आत गेले. दारातल्या खुर्चीवर ती होती. त्यांना वाट द्यायला तिनं कॅलिपरचा पाय हातानं उचलून आत घेतला.

नारळ फुटला, पाणी उडालं, उदबत्तीची राख सांडली. सगळी मशीनं ठणठणीत चालू होती. मी फरशीवरचा चिखल पुसत होते तेव्हा तिनं प्रसादाचा पेढा घेतला, पुठ्ठा पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "येते मॅडम." ती परत आली नाही. सरांनी चौकशी केली तेव्हा मी सांगितलं, जमत नसेल तिला.

पुढं लग्न होऊन मी सांगलीला आले आणि तिथल्या एका क्लासात लागले. पहिल्या दिवशी सवयीनं दारात चपला काढल्या. शिपाई हसला. "घाला की मॅडम. हितं कोन काढतंय?" पोरं चपला घालून आत बसली होती, मशीनं चालू होती. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

दोनेक वर्षांनी सांगलीच्या एसटी स्टँडवर एका बाकावरून कुणीतरी हाक मारली. हवालदार होते. शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेला कॅलिपर, बुटासकट. घरात लग्न होतं म्हणून दुरुस्तीला आणलेला.

"पट्टं वाळून तडकलं," ते म्हणाले. "तळ हाय तसाच हाय. वापर न्हाई न्हवं."

मी उभीच होते. मग ते म्हणाले, "मॅडम, तुमी येवढा जीव लावला, पुठ्ठा करून दिला, आन पोरीनं मधीच सोडलं. म्हनली, मलाच जमंना. लय बोललो तिला तवा. माफी असावी."

म्हणजे तिनं घरी माझं नाव घेतलं नव्हतं. शिव्या तिनं खाल्ल्या होत्या.

तिला सांगलीला पाठवा, इथं बूट चालतो, एवढं एक वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण ती आली असती तर तिनं दारातच सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं असतं आणि मग माझ्याकडे. मला ते सोसलं नसतं. मी ते वाक्य गिळलं.

"पुठ्ठा अजून हाय," ते म्हणाले. "दुपारी मांडीवर घिऊन बोटं चालवती. त्येच्यावर शिकल्यालं खऱ्या मशीनवर चालतं का?"

"चालतं," मी म्हणाले.

"मग बरं." मला जागा करायला त्यांनी बाकावरचा बूट उचलून मांडीवर घेतला आणि रिकाम्या जागेवरून हात फिरवला. "बसा मॅडम. धूळ न्हाई त्याला. पुसून आनलाय."