लाल रेघेच्या वर एक बोट

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही, आणि सत्तरी उलटल्यावर नवीन सवयी लावून घ्यायची हौसही नाही. या ग्रुपवरचे सगळ्यांचे अनुभव मी वाचते, निम्म्यांना मनातल्या मनात लाल शेरे मारते आणि झोपते. तरीपण आज लिहायला बसले. आजच का, ते शेवटी सांगते.

मी औंढा तालुक्यातल्या जवळा बाजारची. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. तरुणपणी मी फार शहाणी होते... म्हणजे तसं मला वाटायचं. गावात कुणाच्या अंगात आलं की ही बया टाचणी घेऊन हजर! लिंबातून रक्त काढणाऱ्या एका बाबासमोर मी चाकूला काय चोपडतात ते करून दाखवलं होतं. त्यानंतर महिनाभर मान एवढी ताठ ठेवून फिरले की शेवटी ती खरोखरच अवघडली आणि त्याच बाबाच्या बहिणीकडून चोळून घ्यावी लागली.

आमचे हे मोटार वाइंडिंग करायचे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी तालुक्यातून यांच्याकडे यायच्या. नुसत्या आवाजावरून कुठली मोटार कोरडी फिरतेय ते ओळखायचे. दुकान मुलाकडे दिलं आणि आम्ही दोघं कोकणात जाऊन आलो. तिथं यांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला आणि परतताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, पोट बिघडलं. घरी आल्यावर म्हणाले, "मास्तरीणबाई, मला तो घरी पायजे."

"कोण?"

"समुद्र."

तर आमच्या पुढच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी आली. मीठ पार्सलनं, मासे पुण्याहून. दोन नारंगी-पांढरे मासे आणि त्यांना लोळायला एक फुलासारखा हलणारा जीव. तीनशे मैलांत समुद्र नाही आणि लोक चहा प्यायच्या निमित्तानं आमचा समुद्र बघायला यायला लागले.

पुढचं कळायला टाकीची रचना सांगावी लागेल, कंटाळू नका. वर मोठी काचेची टाकी, खाली कपाटात दुसरी पेटी. हे तिला सम्प म्हणत, मी खालची पेटी म्हणते. वरचं पाणी काठावरून पाइपातून खाली उतरतं, गाळून होतं आणि पंप ते परत वर चढवतो. लाईट गेली की पंप बंद. मग वरचं थोडं पाणी खाली उतरून येतं आणि खालची पेटी चार बोटं वर भरते. लाईट आली की ती चार बोटं परत वर. म्हणून यांनी पेटीच्या काचेवर ऑइलपेंटनं दोन रेघा मारल्या होत्या. खालची लाल, पंप चालू असतानाची. वरची काळी, पंप बंद असतानाची. पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज कमी झालेलं पाणी भरायचं ते साधं, लाल रेघेपर्यंत.

मी या टाकीची पुष्कळ टिंगल केली. "विहिरी आटल्या आणि आमच्या घरी सागरकिनारा!" असं चारचौघांत म्हणायचे. हे हसायचे.

सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात यांना धाप लागायला लागली. नांदेडला नेलं. उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी झालं होतं. डॉक्टरांनी सुई घालून काढलं, आयसीयूत ठेवलं, म्हणाले, परत भरतंय का ते रोज बघावं लागेल. दिवसातून एकदाच भेटायला सोडायचे. मुलगा, सुधाकर, तिथंच राहिला. मी पण राहणार होते, पण यांनी तोंडावरचा मास्क बाजूला करून मला सांगितलं, "तू हितं बसून काय करनार? घरी जा. ते दोघं उपाशी मरतील." आणि सुधाकरच्या वहीतल्या पानावर थरथरत्या अक्षरात लिहून दिलं—

लाईट असतानाच बघायचं.
साधं पाणी, खारं नाही.
शंका आली तर हात लावू नको.

मी पान ब्लाऊजमध्ये खोचलं आणि डोळे पुसत घरी आले. मनात म्हटलं, मला बाष्पीभवन शिकवतात!

पहिल्या दिवशी पाणी अर्धं बोट उतरलेलं होतं. बरोबर. दोन-अडीच तांबे साधं पाणी घातलं, रेघेला टेकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बघते तर पाणी रेघेच्या वर. एक बोट वर. पंप चालू, वरची टाकी काठोकाठ, आणि खाली पाच तांबे पाणी जास्त! आता मे महिन्यातल्या उन्हात आमच्याकडे पाणी वाढत नाही हो, कुठेच वाढत नाही. मला पहिला संशय शेजारच्या यमुनेवर. ती शेळ्या पाळते, घराची दुसरी किल्ली तिच्याकडे असते.

"यमुने, तू पाणी टाकलंस का गं टाकीत?"

"मी काहून टाकू? माह्या शेळ्यायला पुरंना पानी आन् तुमच्या माशायला टाकू व्हय?"

मग म्हटलं, माझंच काल मोजण्यात चुकलं असेल. जास्तीचं पाणी तांब्यानं काढून प्लास्टिकच्या बादलीत ठेवलं. खारटपणा मोजायची नळी असते, ती बुडवली. अगदी बरोबर. तेव्हा त्यातलं विचित्रपण माझ्या लक्षातच आलं नाही. कुणी साधं पाणी टाकलं असतं तर खारटपणा उतरायला हवा होता. म्हणजे पाण्याबरोबर मीठही आलं होतं. कुठून?

दुपारी सुधाकरचा फोन. "आई, सकाळी सोनोग्राफीत परत पाणी दिसत व्हतं. पण अकराला पुन्हा बघितलं तर बरंच कमी झालं म्हने."

तिसऱ्या दिवशी तेच. एक बोट वर, मी काढलं, दुपारी फोन — बाबांना आज बरं वाटतंय. यमुना दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बाई, समिंदराला भरती येऊन राहिली दिसते."

"भरती चंद्रामुळे येते, यमुने."

"मंग चंद्राला इचारा, काहून येऊन राहिली."

चौथ्या दिवशी माझ्यातली विज्ञानबाई जागी झाली. वही काढली, रकाने आखले, मागच्या दोन दिवसांचं पाणीही आठवून लिहिलं. ठरवलं की आज पाणी काढायचंच नाही, फक्त नोंद घ्यायची. पाणी दीड बोट वर होतं. तसंच ठेवलं. स्वतःवर इतकी खूश की चहा करून घेतला! दुपारी सुधाकरचा आवाज बसलेला. "आई, रात्रीपेक्षा जास्त भरलंय. ऑक्सिजन वाढवला. परत सुई घालनार हाएत."

मी वहीकडे बघितलं. एका बाजूला पाण्याच्या नोंदी होत्या. दुसऱ्या बाजूला, फोनवर बोलता बोलता मी नकळत लिहिलेले तिन्ही दिवसांचे निरोप... कमी, बरं, जास्त. तीन ओळी. तीन ओळींवरून काही सिद्ध होत नाही, हे मीच मुलांना सांगायचे. पण मी तांब्या घ्यायला उठले. नवऱ्यावर प्रयोग करून बसले होते मी, आणि वर चहा प्यायले होते! त्या बाईला आज कुठं गाठता आलं तर टाचणी मीच टोचेन.

त्याक्षणी दीड बोट पाणी काढलं. संध्याकाळी निरोप आला, श्वास शांत आहे.

पाचवा दिवस बरा गेला. सहाव्या दिवशी मी सकाळपासून पेटीसमोर पाट टाकून बसले होते. पाणी रेघेवर. दुपारी एकच्या सुमाराला सुधाकरचा फोन — "आई, बाबा अस्वस्थ हाएत. डॉक्टर आत गेलेत." मी फोन ठेवला, वळून बघितलं तर पाणी माझ्या डोळ्यांसमोर चढत होतं. एक बोट, दोन बोटं, तीन... मी तांब्या घेतला आणि उपसायला लागले. रेघेपर्यंत आणायचं, एवढंच डोक्यात. एक बादली भरली, दुसरी भरत आली. घाम डोळ्यांत जात होता. विसाव्या तांब्याला पाणी लाल रेघेला टेकलं आणि मी मटकन पाटावर बसले.

तेव्हा लक्षात आलं की खोलीत फार शांतता आहे.

कुलर बंद होता. पंखा बंद होता. पंप बंद होता. लाईट गेली होती. मे महिन्याच्या भर दुपारी पंखा थांबलेला जिला कळला नाही, तिनं एकतीस वर्षं फळ्यावर 'निरीक्षण' हा शब्द लिहिला होता. पाणी चढलं ते फक्त वरून उतरलेलं, रोजच्यासारखं. काळ्या रेघेचं पाणी मी लाल रेघेवर आणून ठेवलं होतं.

फोन वाजला. सुधाकर रडत होता. "आई, बीपी एकदम उतरलं... लागंना झालं... तू निघ. लगेच निघ."

त्याच वेळी लाईट आली. पंपानं पेटीतलं पाणी वर ओढलं, पाणी चार बोटं खाली बसलं आणि पंप हवा ओढायला लागला. घर्रर्र... कोरडा, घसा खरवडल्यासारखा.

यमुना धावत आली. सुधाकरनं तिच्या घरीही फोन केला होता. "बाई, चला! माह्या दिरानं जीप काढली. उठा!"

मी बादलीतलं पाणी तांब्यानं परत ओतत होते.

"अवं बाई, येडं लागलं का? तिकडं धनी चालले आन् तुमी माशायला पानी पाजून राहिल्या?"

"थांब. रेघेपर्यंत येऊ दे."

"कोनची रेघ? आगं माय, हिला झालं तरी काय... उठा म्हन्ते ना!" तिनं माझा दंड धरला. जन्मात पहिल्यांदा मी तिला ढकललं. ती दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिली. मी ओतत राहिले. अकरा, बारा, तेरा. पंपाचा आवाज बदलला, कोरडेपणा गेला, पण पाणी अजून रेघेखाली होतं. बाहेर जीपचा हॉर्न. अठरा. एकोणीस. लाईट आहे ना, म्हणून मी वर बघितलं. पंखा फिरत होता. विसावा तांब्या ओतला, पाणी लाल रेघेला लागलं आणि फोन वाजला.

तो यमुनेनं उचलला. ऐकलं, माझ्याकडे बघितलं, आणि फोन माझ्या कानाला लावला.

"आई, बीपी वर येऊन राहिलं. सलाईन जोरात सोडलं त्यायनी. डोळे उघडले बाबांनी."

नांदेडला डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं. पाणी कमी करायच्या औषधानं कधीकधी अंगातलं पाणी एकदम उतरतं, सलाईन दिलं की भरून येतं. पटलं मला. शंभर टक्के पटलं. सलाईन म्हणजे तरी काय, खारं पाणीच. मी मान डोलावली.

त्यानंतर पाणी वाढलं नाही, ना इथं ना तिथं. दहा दिवसांनी हे घरी आले. चपला न काढता आधी कपाट उघडून वाकले. "बराबर हाए," म्हणाले. "जमलं की मास्तरीणबाई."

मी काही सांगितलं नाही. आजतागायत नाही. पण त्या आठवड्यात शेंगा सोलता सोलता हे आपणहून म्हणाले, "त्या दिवशी दुपारी लई तहान लागली व्हती. आन् कानात मोटार कोरडी फिरून राहिली. नर्सला सांगितलं, आगं बंद कर, जळंल. ती म्हने, काका, हितं मोटारच न्हाई."

मी म्हटलं, "तापात होतं असं."

"ताप नव्हता मला."

मग मी स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

शाळेतल्या जुन्या सहकाऱ्याला मी पाण्याचं सगळं सांगितलं, यांचं वगळून. तो म्हणाला छत गळत असेल, मे महिन्यात! नाहीतर कुणी खोडी काढली असेल. नाहीतर, बाई, वय. तिसरं कारण मला सगळ्यात आवडलं. पण वय झालं म्हणून पाण्यात मीठ येत नाही. नोंदवही अजून माझ्याकडे आहे.

गेली सहा वर्षं पेटीतलं पाणी शहाण्यासारखं रोज उतरतं आणि मी रोज साधं पाणी घालते. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. यांना वाटतं, मला शेवटी माशांचा लळा लागला. सकाळी आधी पेटी बघते, मग यांना चहा देते. यमुना सगळं समजून आहे. ती येते ती दारातूनच विचारते, "भरती हाए का ओहोटी?" मी म्हणते, "रेघेवर." मग ती शेळ्या घेऊन जाते.

आज सकाळी तिनं विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही.

लाल रेघेच्या वर एक बोट आहे. पंप चालू आहे. काल मी रेघेपर्यंतच घातलं होतं. खारटपणा बरोबर आहे.

हे बाहेर ओसरीवर बसून चहात खारी बुडवून खाताहेत. साधी शिंकसुद्धा नाही. सुधाकरला गाडी घेऊन बोलावलंय. यांना म्हटलं, नांदेडला सहज एकदा छातीचा फोटो काढून येऊ. हे डोळे बारीक करून म्हणाले, "काहून? माह्यावर आज एवढी मेहेरबानी?"

याला कारण काय, ते मला तेव्हा कळलं नाही, आज कळत नाही, आणि कुणाला कळलं तर कृपा करून सोप्या शब्दांत सांगावं. आता मी विद्यार्थिनी आहे. पिशवी भरून ठेवली आहे. गाडीचा आवाज आला की हे लिहिणं बंद करते.

त्याआधी पाच तांबे काढायचेत. सावकाश. पंखा फिरतोय ना, ते तीनदा बघितलंय.