सासऱ्यांनी पेरलेला पिंजरा

माझ्या सासऱ्यांनी पिंजरा विकत आणला नाही, पेरला.

ऐकणाऱ्याला गंमत वाटते. पण आमच्या मार्गिलान शहरात जुन्या चालीची माणसं लावा पक्षी भोपळ्यात ठेवतात, आणि भोपळा वेलालाच लागतो. बाजारात तयार पिंजरे टांगलेले असायचे. मी तसं सुचवलंही. तर ओताजाननी, म्हणजे सासऱ्यांनी, माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना बाजारातून तयार नातवंड आणायला सांगत होते.

उमुर्झोक-ओताजान आयुष्यभर पाटकरी. कुणाच्या बागेत कधी पाणी सोडायचं, कुणाचा पाट कधी बंद करायचा, हे सगळं बांधावरून ओरडून सांगायचं, म्हणून आवाज खणखणीत. काम सुटलं तरी तोंड काही सुटलं नाही. पहाटे उठले की चौथऱ्यावर बसून सुरू. हवा, सरकार, शेजाऱ्याची गाय आणि सरतेशेवटी माझे नान. माझ्या नानाला नावं ठेवल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडतच नसे. "पोरी, तंदूर थंड आहे तुझा. नान भिंतीला धरणार नाही, राखेत पडेल." मी मनातल्या मनात दातओठ खायची. ओयिजान, म्हणजे माझ्या सासूबाई शरोफत, शेजारी बसून मुकाट्याने चहा ओतत. मध्येच एखादं "हं" म्हणत. तेवढंच.

त्या वारल्या ऐन थंडीत. आणि ओताजानच्या तोंडाला कुलूप लागलं.

सुरुवातीला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. पण हिवाळा सरला तरी माणूस बोलेना. चहा दिला की प्यायचा, नान दिला की खायचा. करपलेला दिला तरी खायचा. मी एकदा मुद्दाम करपवून पाहिला होता. माझा नवरा शेराली म्हणाला, "आता तरी सुखी झालीस ना?" त्याच्यावर अशी डाफरले की पुन्हा तो विषय त्याने काढला नाही.

जर्दाळू फुलले तेव्हा एका सकाळी ओताजान कुदळ घेऊन अंगणात उतरले. ओयिजानच्या रुमालाच्या गाठीतलं भोपळ्याचं बी त्यांनी भिंतीशी टोचलं. मी विचारलं, "भाजीसाठी का?"

"लाव्यासाठी," ते म्हणाले. मग बीवर माती लोटत पुढे बोलले, "सकाळी घरात कुणाचा तरी आवाज हवा, पोरी. अंथरुणात पडून कान लावतो. काही ऐकूच येत नाही."

तंदुराशी माझी सगळी आदळआपट चाललेली असायची, ती त्यांच्या लेखी आवाजात जमा नव्हती. पण राग नाही आला.

तरुणपणी त्यांना लाव्यांचं वेड होतं म्हणे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बायकोआधी पक्ष्याला दाणे घातले, आणि ओयिजान एवढंच म्हणाल्या, "त्यालाच नांदवा मग." त्या दिवशी ओताजाननी पक्षी सोडून दिला. मुकी बाई, पण मोजक्या शब्दांत काम तमाम करायची.

उन्हाळाभर त्या वेलाचे जे लाड झाले ते माझ्या बाळंतपणातही माझे झाले नाहीत. कोवळ्या भोपळ्याला कमरेशी दोरी बांधली, खाली गवताची चुंबळ ठेवली, एका बाजूने चपटा होऊ नये म्हणून रोज हलक्या हाताने फिरवला. पानगळीत तो उतरवून तंदुराच्या वर टांगला. वाळून खुळखुळा झाल्यावर कापला, चमच्याने खरवडून आतून गुळगुळीत केला. वर भोपळ्याची टोपी, खाली सुती जाळीचा घेर, तळाला तुतीची गोल फळी. जाळी मी विणली. गाठी सैल झाल्या म्हणून ओताजाननी दोनदा उसवायला लावली. तोंडाने नाही, नुसतं बोट दाखवून. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

"आता टोपीच्या आत काहीतरी मऊ हवं," ते म्हणाले. "लावा घाबरला की सरळ वर उडी मारतो. टाळू फुटते बिचाऱ्याची."

मी ओयिजानचं बिनबाह्यांचं कापसाचं जाकीट काढून आणलं. त्यांनी ते हातात घेतलं, नाकाशी नेलं, आणि परत माझ्या हातात देऊन म्हणाले, "पाठीचा भाग काप. तिथे कापूस जास्त आहे."

तळाला बारीक वाळू, धुळीत लोळायला. एका कोपऱ्यात वरीचे दाणे, एकीकडे पाण्याची वाटी. पक्षी आणला मामासोलीने. मामासोली म्हणजे ओताजानचा लहानपणचा दोस्त, लावे धरण्यात मुरलेला आणि थापा मारण्यात त्याहून. शरदात धरलेलं पिल्लू होतं. त्या वयात नर-मादी ओळखणं कठीण, पण मामासोलीने छातीवर हात ठेवून सांगितलं, "नर आहे नर! वसंतात असा घुमेल की मशिदीतला मुल्ला दचकेल."

हिवाळाभर तो पक्षी पोटुशीसारखा खाऊन फुगत गेला. ओताजान त्याला अंगरख्याच्या बाहीत घेऊन ऊब देत बसायचे. आवाज मात्र नाही. वसंताचा सण नवरोज आला, सगळीकडचे लावे बित-बिल्दिक, बित-बिल्दिक करू लागले. ओताजान पिंजरा घेऊन चहाखान्यात जायचे, इतरांच्या पिंजऱ्यांशेजारी तुतीला टांगायचे आणि हात गुडघ्यावर ठेवून वाट पाहत बसायचे.

"काय रे उमुर्झोक, तुझा पक्षी अजून कुणावर रुसलाय?" लोक म्हणत. "का तुझ्यावरच गेलाय?"

आणि एके दिवशी भर चहाखान्यात पक्ष्याने वाळू उकरली, जरा बूड हलवलं आणि अंडं घातलं.

मी तिथे नव्हते, पण ते हसणं आमच्या गल्लीपर्यंत आलं. म्हणतात मामासोली हसता हसता चौथऱ्यावरून खाली पडला. मग उठून म्हणाला, "दोस्ता, चूक माझी. उद्या सकाळी खरा नर आणून देतो, ही मला दे. मादी काय, ती थोडीच घुमणार!"

ओताजान पिंजरा घेऊन घरी आले. अंडं माझ्या तळहातावर ठेवलं आणि न जेवता झोपले. पिंजरा अंगणातल्या तुतीलाच लटकत राहिला. मला त्या लावीचा असा राग आला! आणि लगेच कीवही. तिने कुणाला काय वचन दिलं होतं?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तंदुरात काटक्या घालत होते. पिंजऱ्यातून बारीकसा आवाज आला. ओरडणं नाही, नुसतं गळ्यातल्या गळ्यात. ओयिजानच्या "हं" एवढं. आणि भिंतीपलीकडच्या लसूणघासातून उत्तर आलं. बित-बिल्दिक! खणखणीत, रानातला नर. लावी पुन्हा हळूच बोलली. तो आणखी जवळ येऊन ओरडला. पाटाच्या बाजूने दुसरा सुरू झाला. सगळं आवार दणाणलं.

ओताजान नुसत्या सदऱ्यावर, अनवाणी, दारात उभे होते. डोळे भरलेले.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "ही काहीच बोलत नाही. 'मी ऐकते आहे' एवढंच सांगते, आणि तो बघ कसा सुटलाय." मग पिंजऱ्याकडे बघत, हळू आवाजात, "शरोफतचा आवाज या गल्लीत कुणी ऐकला होता का? सगळे म्हणायचे, उमुर्झोक बोलतो."

फाटक वाजलं. मामासोली बाहीत नर घेऊन हजर. "आण ती मादी इकडे. हा बघ, काय छाती आहे!"

"घेऊन जा तुझा नर," ओताजान म्हणाले.

"अरे, पण घरात बोलणार कोण?"

"मी आहे की!"

मी नान थापायला घेतला. ओताजान पिंजऱ्याखाली बसले, लावीला वरी घातली, आणि तिला यंदाच्या पाटाच्या पाण्याचं सांगू लागले. नव्या पाटकऱ्याला काही अक्कल नाही, खालच्या बागा सुकताहेत, असं बरंच काही. मामासोलीही खाली टेकला.

मी पहिला नान तंदुराच्या भिंतीला मारला आणि मागून आवाज आला, "पोरी, तंदूर थंड आहे तुझा. राखेत पडेल."

पडलाच तो. राखेतून उचलून मी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने पुसला, आणि डोळे पुसले तेही त्याच टोकाने. म्हटलं, "सांगत राहा ओताजान, मी ऐकते आहे."