सात नळ्या

जैवतंत्रज्ञान शिकते म्हटलं की गावाकडे पहिला प्रश्न यायचा, 'म्हंजी डॉक्टर का?' सुरुवातीला मी समजावून सांगायचे. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत तो उत्साह पार आटला. 'तसंच काहीतरी,' म्हणायचे आणि मोकळी व्हायचे.

डॉक्टरच तर व्हायचं होतं. त्यासाठी बारावीनंतर आणखी एक वर्ष रिपीटर म्हणून लातुरात क्लास केला. पहाटे पाचला उठायचं, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, मेसचा डबा, टेस्ट, भिंतीवर लागणारी नंबरांची यादी. आमच्या गल्लीत घरमालकांनी गच्चीवर पत्रे ठोकून खोल्या काढल्या होत्या आणि त्यात कुठकुठली पोरं कोंबली होती. माझं दोन्ही वेळा थोडक्यात हुकलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यांनी बीएस्सीची फी भरली. बीएस्सी करून मी नांदेडला विद्यापीठात आले ती आधीच दमलेली.

माझा प्रोजेक्ट तुरीवर होता. मर रोगाने अख्खं रान वाळून जातं, तरी त्यात एखादं झाड हिरवंगार उभं असतं. ते का मरत नाही, याचं काही कारण त्याच्या डीएनएत सापडतं का, ते मला बघायचं होतं. मुखेडकडच्या शेतांतून मी पानं गोळा करून आणली. मग हंगाम संपला, तुरी कापून झाल्या. लोडशेडिंगच्या एका लांबलचक दिवसात फ्रीजरमधल्या उरलेल्या पानांचा लगदा झाला. आधी काढून ठेवलेल्या अर्काच्या आठ नळ्या तेवढ्या राहिल्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या. त्यातली एक माझ्याच हातून सांडली. उरलेल्या सातांवर माझी एमएस्सी वेळेत होते की नाही ते ठरणार होतं.

नळ्या गरागरा फिरवून त्यातला साका तळाशी बसवायचं एक यंत्र असतं, सेंट्रिफ्यूज. आमचं जुनं होतं, रबरी पाय झिजलेलं. त्यात समोरासमोर सारख्या वजनाच्या नळ्या ठेवाव्या लागतात. एखादी कमी पडली तर नुसत्या पाण्याची नळी भरून समोर ठेवायची. हे कालच्या पोरालाही ठाऊक असतं. लॅबचे शिपाई चाचा नांदेडचेच, माझ्या गाईड मॅडमपेक्षाही जुने. ते रोज बजावायचे, "बेटा, दोन्ही बाजू बराबर ठेव. न्हाई तर चालाया लागतंय ते."

त्या दुपारी मी सात नळ्या ठेवल्या आणि पाण्याची विसरले. दमले होते, दुसरं काही कारण नाही. बटण दाबलं. यंत्र आधी घरघरलं, मग थरथरायला लागलं आणि शेजारच्या रॅकवरची काचेची भांडी वाजायला लागली.

पुढचं मी ठरवून केलं नाही. "भाईर निघा! भाईर!" असं ओरडत मी अनवाणी पळत सुटले ती थेट उघड्या मैदानात. मागे वळून पाहिलं, तर माझ्यामागे एकच मुलगी आली होती, आमच्याच बाजूची, औशाकडची. बाकी सगळे नांदेड-परभणीचे. ते दारात उभे राहून आमच्याकडे बघत होते. तेवढ्यात आत धाडकन आवाज झाला. यंत्र सरकत सरकत टेबलाच्या कडेला गेलं आणि खाली पडलं. चाचांनी धावत जाऊन प्लग काढला, तोवर सातही नळ्या फुटल्या होत्या.

कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "बंद करायचं बटण तुझ्या हाताशी होतं गं," एवढंच म्हणाल्या. खरंच होतं. आता पुन्हा तुरीला पानं येईपर्यंत थांबायचं, म्हणजे सहा महिने तरी गेले. मला स्वतःचा इतका संताप आला की रडूसुद्धा येईना.

लातूरचा भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्याआधी कितीतरी महिने आमच्या गावची जमीन अधूनमधून हलायची. सुरुवातीला लोक घाबरून उघड्यावर झोपले, मग कंटाळून पुन्हा घरात गेले. त्या पहाटे फळीवरची भांडी वाजली. आई उठून बसली. अण्णा सुट्टीवर घरी आलेले होते, त्यांना तिनं विचारलं, "पोरीला घिऊन भाईर जाऊ का?" अण्णांनी कूस बदलली. "रोजचंच हाय. झोप." आई माझ्या अंगावर हात टाकून पुन्हा आडवी झाली. लोकांनी मला ढिगाऱ्यातून काढलं तेव्हा तिचा तो हात तसाच होता.

अण्णा आणि मी याबद्दल कधी एक अक्षर बोललो नाही. एवढ्या लहानपणचं मला आठवत नसेल, असं त्यांना वाटत असावं.

संध्याकाळी त्यांना फोन लावला. ते अजून वर्कशॉपमध्येच होते.

"अण्णा, माझ्या हातानं मशीन पडली. सगळं गेलं. आता सहा महिने वाढले."

"कशी काय पडली?"

"बंद करता आली असती. पण मी पळाले."

"का पळालीस?"

खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "भांडी वाजली," मी म्हणाले.

पलीकडे एका गाडीचं इंजिन चालू होतं. मला वाटलं, फोन खिशात टाकून ते कामाला लागले.

"लगीच पळालीस?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"कुनाला इचारत बसली न्हाईस ना?"

"न्हाई."

"लई बरं केलंस बाई," अण्णा म्हणाले, आणि फोन ठेवायचं विसरून तसेच रडत राहिले.